मोठ्याचं मटण, लाल वाइन आणि चार तासांची मंद आच

सड्यावरचा

नाताळ जवळ आला की दरवर्षी दोघे-तिघे तरी मला ही पाककृती विचारतात. या वेळी सगळं एकदाच नीट लिहून काढतो.

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, सड्याच्या कडेला. माझे मोठे काका जहाजावर भंडारी होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, जहाजावर भंडारी म्हणजे स्वयंपाकी. तीसेक वर्षं त्यांनी दर्यावर काढली. हा प्रकार ते फ्रान्सच्या बंदरांत शिकले. तिथल्या बरगंडी भागात बैलाचं मटण त्याच भागातल्या लाल वाइनमध्ये तासन् तास शिजवतात. कांदा, गाजर, अळंबी आणि थोडी डुकराची चरबी, एवढाच मसाला. काका गावी आले की चुलीवर तेच करायचे, फक्त सामान इथलं.

आधी मांसाबद्दल, कारण चूक बहुतेक तिथेच होते. महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही २०१५पासून बंदी आहे. त्यामुळे आम्ही म्हशीचं किंवा रेड्याचं मटण वापरतो, परवाना असलेल्या दुकानातलं. ते बैलाच्या मटणापेक्षा रंगाने गडद असतं, चरबी कमी आणि धागा जाड. दुकानदार ओळखीचा असला की तो मायेने 'मऊ देतो' म्हणत पाठीचा तुकडा काढतो. तो घेऊ नका. नळीचं आणि खांद्याचं मागा, पांढऱ्या शिरा आणि पडदे दिसणारं. जनावराने आयुष्यभर ज्या स्नायूंवर वजन पेललं, तेच मांस या पद्धतीत सोनं होतं. त्या पांढऱ्या पडद्यांत कोलॅजन असतं. ते साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटीन होतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्याच्यामुळे. पाठीच्या मऊ मांसात हे जवळजवळ नसतंच. तीन तासांनी त्याचा कोरडा भुसा होतो.

एक किलो मांसाला साडेसातशे मिलीची एक बाटली. नाशिककडची कोणतीही साधी कोरडी लाल वाइन चालते, शिराझ किंवा कॅबर्ने. तुकडे मोठे, पेरूएवढे, कारण शिजून ते बरेच आटतात. आदल्या रात्री वाइनमध्ये मांस, एक उभा चिरलेला कांदा, एक गाजर, सात-आठ लसूण पाकळ्या, दहा मिरीदाणे, दोन लवंगा आणि तमालपत्र घालून थंड जागी ठेवायचं. फ्रेंच लोक थाइम घालतात. काका परसातली ओव्याची पानं घालायचे, दोन किंवा तीनच. थाइमचा वास ज्या थायमॉलचा, तेच द्रव्य आपल्या ओव्यात असतं हे मला फार पुढे वाचून कळलं. काकांनी ते नुसत्या नाकाने ओळखलं होतं.

सकाळी मांस उपसून फडक्याने अगदी कोरडं करा. ओलं मांस परततच नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतं. वाइन गाळून वेगळी उकळा, वर येणारा मळकट फेस काढून टाका. रुंद भांड्यात तेल किंवा चरबी तापवून तुकडे थोडे थोडे परता. गर्दी करू नका. सगळ्या बाजू गडद तपकिरी व्हायला हव्यात. एका घाण्याला दहा मिनिटं सहज जातात. मग त्याच भांड्यात दोन कांदे, गाजर, दोन चमचे टोमॅटोचा दाट गर आणि दोन चमचे मैदा परता. आमच्याकडे मैद्याऐवजी तांदळाचं पीठ असतं. त्यावर वाइन ओता आणि बुडाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडून घ्या. रश्शाची निम्मी चव तिथेच असते. मांस परत घाला, ते जेमतेम बुडेल इतकं हाडांचं पाणी आणि दीड चमचा मीठ घाला. घट्ट झाकण ठेवा.

आणि आता आच. खळखळ उकळी येऊ द्यायची नाही. मिनिटाला चार-पाच बुडबुडे वर आले पाहिजेत, बस. काका नारळाच्या सोडणांचा आणि करवंट्यांचा जाळ विझत आणायचे, खाली थोडे निखारे आणि झाकणावर थोडे. कुणी झाकण उघडायला गेलं की म्हणायचे, "उघडू नको, तेका त्याच्या वाफेर शिजांदे. घाई आसात तर मासे भाज, मटणाक वेळ दी."

म्हशीच्या मटणाला साडेतीन ते चार तास. शेवटच्या पाऊण तासात लहान अख्खे कांदे आणि वेगळी परतलेली अळंबी. पावसाळ्यात वारुळावरची अळंबी मिळाली तर दुसरं काही नको. नाताळात मात्र बाजारातली बटण अळंबीच.

एक गोष्ट ठळक अक्षरात लिहावीशी वाटते. साधारण एका तासाने मांस दाबून बघाल तर ते रबरासारखं लागेल, सुरुवातीपेक्षाही कडक. इथेच लोक घाबरतात, आच वाढवतात, पाणी ओततात. काही बिघडलेलं नसतं. तापताना धागे आकसतात आणि रस बाहेर टाकतात, कोलॅजन मात्र अजून विरघळायचं असतं. त्याला फक्त वेळ हवा असतो. अडीच तासांनी पुन्हा बघा, मग बोला.

---

करवंदी

फार मनापासून लिहिलंय. आमच्या घरी फक्त बोकडाचं चालतं. त्याचं होईल का? आणि किती वेळ? बाबांचे दात आता राहिले नाहीत, त्यांना नीट खाता येईल असं काही शोधत होते.

---

सड्यावरचा

होईल, आणि सुंदर होईल. गर्दन आणि पुढच्या पायाची नळी घ्या. हाडासकट, मोठे तुकडे करून. बोकडाला दोन ते सव्वादोन तास पुरतात. वाइन निम्मीच घाला, नाहीतर मटणाचा स्वतःचा वास दबतो. रात्रभर मुरवायची गरज नाही, तीन तास पुष्कळ झाले. बाबांसाठी करणार असाल तर शेवटी हाडं काढून टाका आणि नळीतला मगज रश्शात मोडून घाला.

---

मिरग

एक शंका. परतल्याने मांसाची भोकं बंद होतात आणि रस आत राहतो असं आई सांगते. तुम्ही ते कारण लिहिलं नाहीत.

---

दर्यावर्दी

मिरग, हा समज एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो मांडला आणि तो जगभर पसरला. पण परतलेल्या मांसातूनही पाणी सुटतंच. तव्यावर टाकलेला तुकडा शेवटपर्यंत चुरचुरत असतो, तो आवाज बाहेर येणाऱ्या रसाचाच. परतायचं ते चवीसाठी. जास्त उष्णतेला मांसातली प्रथिनं आणि साखर एकत्र येऊन तो तपकिरी रंग आणि भाजका वास तयार होतो. पाण्यात कितीही शिजवलं तरी तो येत नाही, कारण उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही. आईंची पद्धत अगदी बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं.

---

जांभा

कुकरमध्ये किती शिट्ट्या? माझी नोकरी चिपळूणला, घरी पोचेपर्यंत सात वाजतात. चार तास चुलीपाशी बसणं शक्यच नाही.

---

सड्यावरचा

जांभा, कुकरला माझा विरोध नाही. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे कोलॅजन लवकर विरघळतं. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर पन्नास मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर आतला रस्सा एकदम उसळतो आणि तुकडे फुटतात. दोन गोष्टी मात्र आधी करा. वाइन उघड्या भांड्यात निम्मी आटवून घ्या, कारण कुकरमध्ये काहीच आटत नाही आणि कच्च्या वाइनचा आंबूस वास तसाच राहतो. आणि पाणी कमी घाला. मांस मऊ होईल, पण धागे जरा कोरडे लागतील. तो फरक राहतोच.

त्यापेक्षा हे रविवारी दुपारी करा आणि सोमवारी जेवा. हे दुसऱ्या दिवशीच जास्त चांगलं लागतं. रात्रीत रस्सा थिजतो, चरबी वर जमते ती सहज काढता येते, आणि वाइन, कांदा, मांस एकमेकांत मुरतात. आपल्या दमट हवेत मात्र भांडं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. कोमट झालं की फ्रीजमध्ये. खायच्या आधी पुन्हा हळू आचेवर एक चांगली उकळी.

---

अळूवडी

मी मांस खात नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. फणसाच्या कुयरीचं, म्हणजे कोवळ्या फणसाचं, असं करता येईल का?

---

सड्यावरचा

करता येईल, पण वेगळ्या हिशोबाने. फणसात कोलॅजन नाही, त्यामुळे चार तासांत त्याचा लगदा होईल. वाइन, कांदा, गाजर, भरपूर अळंबी आणि ओव्याची पानं आधी तासभर एकत्र आटवून दाट रस्सा करा. फणसाचे तुकडे तेलात लाल परतून शेवटच्या पंचवीस मिनिटांत टाका. भिजवलेले काजूगर घातले तर रश्शाला अंग येतं. ओले काजूगर मिळायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, मी माझ्या बहिणीसाठी हेच करतो.

---

वसईचा_माड

फार दिवसांनी असं काही वाचलं. एक भर घालतो. मांस आणि वाइन ही जोडी आपल्या किनाऱ्याला नवी नाही. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसणीत मुरवून ठेवायचे, 'कार्न द विन्य द'आल्योश' म्हणायचे त्याला. गोवा त्यांनी १५१०मध्ये घेतला, वसई १५३४पासून १७३९पर्यंत त्यांच्याकडे होती. इथे द्राक्षाच्या वाइनची जागा माडीच्या शिरक्याने घेतली, मिरचीही आली, आणि त्याच शब्दांचं विंदालू झालं. आमच्या वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या जुन्या मराठी ख्रिस्ती, घरांत त्याला इंदयाल म्हणतात.

म्हणजे तुमच्या काकांनी फ्रान्सहून जे आणलं, त्याचा एक चुलतभाऊ चारशे वर्षं आपल्या घरात होताच. माझी आजी इंदयाल मातीच्या मडक्यात करायची आणि दोन दिवस कुणाला हात लावू द्यायची नाही. शिरक्यामुळे ते टिकायचंही. लग्नाघरी आधी करून ठेवायला त्यासारखं काही नाही.

---

सड्यावरचा

किती छान सांगितलंत! काका इंदयाल हा शब्द वापरायचे नाहीत, पण शेवटी चमचाभर माडीचा शिरका नेहमी घालायचे. मी कधी कारण विचारलं नाही. लिहायचं राहून गेलं होतं ते. गॅस बंद करताना घाला, आधी नको.

---

हापूस_नंतर

माझं फसलं. गोव्याची गोड पोर्ट वाइन घरात पडून होती, तीच ओतली. तीन तासांनी रस्सा पाकासारखा चिकट झाला, बुडाला लागला आणि जळक्या साखरेचा वास आला. वर रंगही काळपट. बिडाचं भांडं वापरलं होतं. एवढं मटण वाया गेलं, जीव हळहळला.

---

सड्यावरचा

वाईट वाटलं वाचून. तुमच्या मेहनतीचा काही दोष नाही, दोन्ही गोष्टी मीच आधी नीट बजावून लिहायला हव्या होत्या.

गोड वाइन आटली की साखर दाट होत जाते आणि बुडाला लागते. कोरडीच वाइन हवी. घोटभर पिऊन बघा. जिभेवर गोडी न राहता तोंड जरा ओढल्यासारखं झालं तर ती चालेल. पिण्यासाठी उघडून फ्रीजमध्ये चार दिवस राहिलेली वाइनही इथे खपते. शिरक्याचा वास येऊ लागलेली मात्र नको.

काळपटपणा भांड्याचा. वाइन आंबट असते. बिडाच्या किंवा साध्या अल्युमिनियमच्या भांड्यात ती तीन-चार तास राहिली की धातू खाते, रंग बिघडतो आणि रक्तासारखी लोखंडी चव येते. बिडात परतायला हरकत नाही, परतणं त्यातच उत्तम होतं. शिजवायला जाड बुडाचं स्टील, एनॅमलचं भांडं, कल्हई केलेलं पितळी पातेलं किंवा मडकं. मी मडकंच वापरतो. ते हळू तापतं, हळू निवतं, आच कमी-जास्त झाली तरी आतल्या रश्शाला धक्का बसत नाही. नवं मडकं असेल तर आधी दिवसभर पाण्यात भिजवा आणि पहिल्यांदा त्यात पेज शिजवा.

पुन्हा करायचं ठरवलंत तर गोव्याहून बाटली घेऊन येऊ नका. परवान्याशिवाय ती आणता येत नाही, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर उतरवून घेतात. आपल्याकडच्या दुकानात मिळते तीच पुरे.

---

जयगडची_खाडी

घरात सात आणि दहा वर्षांची मुलं आहेत. एवढी वाइन घातल्यावर दारूचा अंश उडून जातो ना सगळा? सगळे तसंच म्हणतात.

---

दर्यावर्दी

सगळा उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार हळू आचेवर अर्धा तास शिजवलं तर सुमारे ३५ टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने २५ टक्के, दोन तासांनी १० टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के. भांडं किती रुंद आहे आणि झाकण किती घट्ट आहे यावरही ते ठरतं. चार तासांच्या पातेल्यात उरतं ते फारच थोडं, पण शून्य म्हणता येत नाही.

---

सड्यावरचा

दर्यावर्दींनी आकडे दिलेच आहेत. मी माझं मत सांगतो. आमच्या मुलांना मी देतो, कारण वाइन आधी उघडी उकळून घेतो आणि पुढे चार तास ते शिजतं. पण दुसऱ्याच्या मुलांना विचारल्याशिवाय कधीच वाढत नाही. पाहुण्यांपैकी कुणी धर्मामुळे, औषधामुळे किंवा दारू सोडलेली असल्यामुळे वर्ज्य मानत असेल तर ताट समोर येण्याआधी स्पष्ट सांगायचं. 'उडून गेली' म्हणून गप्प राहणं मला अजिबात पटत नाही. ज्याने आपल्या घरी विश्वासाने जेवायला बसायचं, त्याला ताटात काय आहे ते ठाऊक असायलाच हवं.

---

बाणकोटची_वाट

सड्यावरचादादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरी वाइन चालत नाही, अंशही नाही. आणि असं न सांगता वाढलेलं एकदा माझ्या अब्बांच्या वाट्याला आलं होतं. त्या रात्री ते कुणाला बोलले नाहीत, पण पुढे कित्येक महिने बाहेर कुठे जेवले नाहीत.

पण पद्धत आमचीही हीच आहे. बकरी ईदला मोठ्याचं असलं की अम्मी नळीचं मटण रात्री उशिरा चुलीवर चढवते, कणकेने झाकणाचं तोंड बंद करते आणि पहाटे फजरच्या नमाजानंतर उतरवते. तुमचं वाचून मी मागच्या आठवड्यात वाइनच्या जागी साखर न घातलेला डाळिंबाचा रस घेतला, अर्धा लिटर आटवून निम्मा केला, आणि पाच-सहा आमसुलं टाकली. रंग तोच आला, गडद जांभळा. आंबटपणा पुरेसा होता. सोबत तांदळाच्या रोट्या. अम्मीने दोनदा घेतलं. कोकमाचं आगळ मात्र घालू नका, ते खारट असतं आणि आटलं की मीठ आवरत नाही.

---

सड्यावरचा

आमसुलाची कल्पना फार आवडली. हे मी करणार, नक्की. तुमच्या अब्बांबद्दल वाचून गलबलून आलं.

आमसुलं किती वेळ ठेवलीत? शेवटपर्यंत की काढून टाकलीत?

---

बाणकोटची_वाट

शेवटच्या तासाला घातली आणि वाढायच्या आधी काढली. सुरुवातीपासून ठेवली तर तुरटपणा उतरतो.

---

मिरग

सोबत काय वाढता? पाव की भात?

---

सड्यावरचा

नाताळात पोई, म्हणजे गोव्याकडचा पाव. एरवी आंबोळ्या, कारण त्यांच्या जाळीत रस्सा भरतो. बटाटे उकडून वेगळे द्या, रश्शात शिजवू नका. ते फुटतात आणि रश्शाची चकाकी घालवतात. घावणे मला यासोबत पातळ वाटतात, पण बायकोचं मत बरोबर उलटं आहे आणि आमच्या घरी दोन्ही होतात.

---

वसईचा_माड

फुगे! नाताळात आमच्याकडे फुग्यांशिवाय रस्सा ताटात येत नाही. यीस्टचं पीठ फेटून तळलेले गोळे. आत पोकळ असतात, फोडायचे आणि रश्शात बुडवायचे.

---

करवंदी

काल केलं, म्हणून लिहायला आले. बोकडाची गर्दन आणि दोन नळ्या, मिळून सव्वा किलो. अर्धी बाटली शिराझ. ओव्याची पानं शेजारच्या काकूंच्या कुंडीतली. तासाभराने दाबून बघितलं तर खरंच रबर झालं होतं. तुम्ही ठळक अक्षरात लिहिलं नसतं तर मी नक्की कुकर काढला असता. हात आवरला. सव्वादोन तासांनी हाड धरून उचललं तर मांस मागे भांड्यातच राहिलं.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. गेली दोन वर्षं मटणाच्या दिवशी ते नुसता रस्सा-भात खायचे आणि आम्ही खातो ते बघायचे. काल त्यांनी चमच्याने तुकडा दाबला, तो उकडलेल्या रताळ्यासारखा मोडला. मगजही त्यांनाच दिला. काही बोलले नाहीत, फक्त ताट पुन्हा पुढे केलं.

थोडा रस्सा उरलाय, तुकडे संपले. आज रात्री त्यात काय करू?

---

सड्यावरचा

करवंदी, काकांना हे सांगता आलं असतं तर! त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

उरलेला रस्सा टाकू नका. उकड्या तांदळाचा भात जरा सैल शिजवा, रस्सा वेगळ्या भांड्यात चमच्याला धरेल इतका आटवा, वर कच्चा कांदा आणि शिरक्याचे दोन थेंब. बाबांना गरम असतानाच वाढा, निवला की तो थिजतो.